पोटाखालचा डावा पर

मिलिंदा, इकडे ये जरा. असा समोर ये. त्या बर्फाच्या पेटीवर नको बसू, झाकण ओलं आहे, मग पँट मागून भिजली म्हणून दिवसभर कुरकुर करशील. स्टुलावर बस. आणि खाली बघू नको, माझ्याकडे बघ. ही काय रीत झाली रे? "रविवारी येतो ताई" म्हणून गेलास आणि गुरुवारी तुझ्या घरून फोन. गळ टाकून चार-चार तास एका जागी बसणारा माणूस तू. मासा नुसता आमिषाला हुंगून गेला तरी "थांब गं, येईल परत" म्हणणारा. तुला एवढी घाई कसली झाली होती? मला बोलायचं होतं तुझ्याशी. रविवारी बोलणारच होते. खरंच बोलणार होते. हे मी रोज म्हणते, आणि रोज माझंच मला पटत नाही.

सव्वा महिना झाला. लिहायला बसते, दोन ओळी झाल्या की उठते. चहा टाकते, विसरते, तो आटतो. परत बसते. माझी शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं मासळी गुंडाळायच्या पेपरातून वाचून शिकले, हे तुला ठाऊक आहे. तूच म्हणायचास, "ताई, तू बोलतेस तसंच लिही, कोण परीक्षा घेतंय?" म्हणून बोलतेय. मध्ये बोलू नको.

आपली ओळख बोटीवरची. मी गोराईहून दुपारच्या बोटीने बोरिवलीच्या संध्याकाळच्या बाजाराला निघालेली, पायाशी दोन पाट्या. तू सकाळपासून गोराईच्या धक्क्यावर गळ टाकून परत निघालेला, हातात दोन काठ्या, खांद्याला पिशवी. पिशवी रिकामी दिसत होती म्हणून मी सहज विचारलं, "काय लागलं?"

"एक जिताडा लागला होता. दोन किलोचा असेल."

"मग कुठाय?"

"सोडला."

"सुटला म्हण ना."

"नाही हो मावशी, सोडला. फोटो काढला आणि सोडला."

अख्खी बोट हसली. मी म्हटलं, "अरे सोडायचा होता तर धरलास कशाला? त्या गरिबाला उगाच कचेरीचा हेलपाटा!" तू पण हसलास. आणि मग, कोणी विचारलं नसताना, आपण जालन्याकडचे, गावात नदी म्हणजे आठ महिने नुसती वाळू, साकीनाक्याला लेथवर तीस वर्षं काढली, मासा पहिल्यांदा हातात धरला तेव्हा घाबरून फेकून दिला, हे सगळं पलीकडचा धक्का येईपर्यंत सांगून टाकलंस. उतरताना "जय भीम मावशी" म्हणालास आणि माझी जड पाटी उचलून वर ठेवलीस. मी म्हटलं, "जय भीम. आता हात धू, नाहीतर बायको घरात घेणार नाही." त्यानंतर मावशीची ताई कधी झाली ते आठवत नाही.

तो वाद मात्र संपला नाही. तो तसाच राहिला आपल्यात, एवढी वर्षं. मी म्हणायची, मासा खायचा असतो. तू म्हणायचास, मासा बघायचा पण असतो. मी म्हणायची, पोट भरलेल्यांचे चोचले. तू म्हणायचास, "ताई, तू जाळ्यातल्या माशाकडे कधी नीट बघितलंयस का? तू त्याचा भाव बघतेस." मला राग यायचा. कोळ्याच्या घरात जन्मले, कोळ्याच्या घरात दिलं, आणि दुष्काळी गावचा हा माणूस मला सांगतो की मी मासा बघितला नाही! आता कळतंय की राग का यायचा. पण थांब, त्यावर येते.

गेल्या वर्षी, गणपती गेल्यावर, तू माझ्या गाळ्यावर आलास तो हाताला लवंगेचा वास घेऊन. मी म्हटलं, "काय रे, विडा लावून आलास?" तर तू जमिनीपासून चार बोटं वर. मत्स्यबीज केंद्रात जिताड्याची पिल्लं वाढवलीत, बोटाएवढी झाली की खाडीत सोडायची आहेत. बोटुकली म्हणतात त्यांना, तूच सांगितलंस. सोडायच्या आधी प्रत्येकाचा पोटाखालचा डावा पर कातरायचा, म्हणजे पुढे मोठा होऊन सापडला की कळेल, हा आपल्या केंद्रातला. पर पुन्हा उगवला तरी आखूड आणि वाकडा उगवतो, बघणाऱ्याला ओळखू येतो. पिल्लांना दुखू नये म्हणून लवंगेच्या तेलाच्या पाण्यात घालून गुंगवतात. आणि कातरायला माणसं कमी पडली म्हणून तुम्हा गळवाल्यांना बोलावलं होतं. लेथवरचा हात तुझा. रेवतीने, म्हणजे त्या संशोधक पोरीने, तुला कात्री देताना सांगितलं होतं, बुडापासून नाही, थोडा सोडून. "एक सूत इकडे तिकडे नाही होऊ दिलं ताई," असं मला तीनदा सांगितलंस.

सोडायच्या दिवशी मलाही ओढून नेलंस. पाण्याने फुगलेल्या पिशव्या, त्यात ती चांदीची पोरं. तू गुडघाभर चिखलात उभा, पिशवीचं तोंड पाण्यात धरून. "घाई नको, त्यांना पाणी ओळखू दे." मी काठावरून ओरडले, "आता खाडीला माणसाने मासे द्यायचे दिवस आले, बघा!" माझ्या लहानपणी त्या खाडीत हात घातला तरी जिताडा लागायचा. मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. तू ऐकलं नाहीस. तू त्यांना बोलत होतास. काय बोलत होतास रे? कधी विचारलं नाही.

त्यानंतर तुमचं काम सुरू झालं. रेवतीला रोज खाडीवर यायला जमणार नाही, ती एकटी काय काय बघेल? पण गळवाले तर रोज कोणी ना कोणी असतातच. गोराई, मनोरी, मढ, जिथे तुम्ही बसता तिथे. जिताडा लागला की फळीवर ठेवायचा, नाक टेकवून लांबी घ्यायची, पोटाखालचा डावा पर बघायचा, फोटो काढायचा, सोडून द्यायचा, वहीत लिहायचं. फळी तू स्वतः बनवलीस, सगळ्यांना एकेक. एका टोकाला नाक टेकायला पट्टी, मध्ये स्टीलची मोजपट्टी बसवलेली. एक मलाही आणून दिलीस.

"मला कशाला? मी कुठे गळ टाकते?"

"गळाला महिन्यात एखादा लागतो ताई. तुमच्या जाळ्यात किती येतात! तुझ्या कोयत्याखालून जातात ते मला कुठून दिसणार? कापायच्या आधी एक नजर डाव्या परावर टाक. बस. आणि हे बघ, नाही बघायला जमलं तर 'बघितलं नाही' असं सांग. 'नाही' असं सांगू नको. ते वेगळं असतं."

मी म्हटलं, "कळलं रे मास्तर."

काही कळलं नव्हतं मला.

आता ऐक. हे सांगायचं होतं, म्हणून तुला समोर बसवलाय.

जिताडा पाटीवर आला की माझे हात काय करतात ते तू शंभर वेळा बघितलंयस. गिऱ्हाईक "हा द्या" म्हणतं, आणि ते पाकीट काढेपर्यंत कोयता चार वेळा फिरून झालेला असतो. वरचा पर, खालचे पर, शेपटी. पर पहिले जातात. त्यांचे काटे बोटात घुसतात म्हणून माझ्या आईने शिकवलं, तिला तिच्या आईने. मी बघत नाही रे, हात बघतात. बघायची आठवण येईपर्यंत ते पर गाळ्याखालच्या बादलीत गेलेले असतात, पापलेटच्या शेपट्यांत, बोंबलाच्या डोक्यांत. डावा कुठला, उजवा कुठला, कोण शोधणार?

पहिल्या रविवारी तू वही घेऊन आलास. "काय ताई, किती आले?"

"सहा आले."

"आणि डावा पर कापलेला?"

समोर तीन बायका उभ्या. एकीला कोळंबी सोलून हवी होती. मी म्हटलं, "नाही रे, एकही नाही."

तू लिहिलंस. सहा, आणि पुढे शून्य.

पुढच्या रविवारी परत "एकही नाही". मग तसंच पडलं. कधी मुद्दाम खोटं बोलायचं म्हणून बोलले नाही. तू खूश होऊन चहा पिऊन जावास, माझं गिऱ्हाईक खोळंबू नये, एवढंच. आणि खरं सांगू? मनात कुठेतरी होतं की हा तुमच्या गळवाल्यांचा खेळ आहे. मोठ्या माणसांची भातुकली. तुझी फळी मी लिंबं मांडायला वापरली. ती तू बघितलीस एकदा. लिंबं उचललीस, फळी पुसलीस, आणि लिंबं परत ओळीने मांडून ठेवलीस.

वर्ष होत आलं. तुझा चेहरा उतरायला लागला. तुम्हा गळवाल्यांना मिळून दोनच खुणेचे मासे दिसले होते, तेही सोडल्यावर लगेचच्या महिन्यांत, वीतभराचे. नंतर काही नाही. जाळ्याच्या मासळीतून काही नाही. जाळ्याची मासळी म्हणजे कोण? मी. रेवती म्हणाली होती की इथे पोरं टिकत नसतील तर पुढची बोटुकली या खाडीत सोडणार नाहीत, दुसरीकडे नेतील. ते सांगायला तू आलास त्या दिवशी गाळ्याच्या पायरीवरच बसलास. मी म्हटलं, उठ, तिथे पाणी आहे. उठला नाहीस.

"ताई, मी जास्त कापलं असेल का?"

"काय?"

"पर. मी कापलेत त्यातले कितीतरी. एखादं सूत जास्त गेलं असेल. जखम चिघळली असेल. पोरं पोहायला लागली आणि..." तू हाताने तिरकं काहीतरी दाखवलंस, एका बाजूला कलंडणाऱ्या माशासारखं.

मिलिंदा, तेव्हा माझ्या तोंडात आलं होतं. अगदी दातांपर्यंत. की अरे, मी बघतच नाही. ते शून्य माझं आहे, माशांचं नाही. पण तेवढ्यात समोर गिऱ्हाईक, "मावशी, सुरमई कशी?" आणि मला काय झालं कोण जाणे, लाज वाटली आणि लाजेचा राग आला, आणि तो राग तुझ्यावर निघाला. मी म्हटलं, "मासे आहेत रे, माणसं नाहीत. मेले तर मेले. एवढं काय घेऊन बसलायस?"

तू माझ्याकडे बघितलंस. "बरं," म्हणालास. उठलास. पँट मागून भिजली होती. "रविवारी येतो ताई."

तुझं माझं शेवटचं बोलणं हे. मी किती वेळा उलटंसुलटं करून बघितलं. कुठूनही बघितलं तरी शेवटी तेच येतं: मेले तर मेले.

तू गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आले होते मी तुझ्या घरी. तुझ्या सुजाताने मला जवळ बसवलं. तिचा हात गार होता. बाकीचे जेवायला बसल्यावर तिने कपाटातून तुझी वही काढली. म्हणाली, "मला यातलं काही कळत नाही ताई, पण तुम्हाला दाखवावीशी वाटली." कसलं अक्षर रे तुझं! लेथवर कातल्यासारखं. प्रत्येक गळवाल्याचं एक पान, आणि माझं वेगळं. वर लिहिलेलं: ताई, गोराई. खाली तारखा, किती आले, आणि शून्य, शून्य, शून्य. दुसऱ्यांच्या पानावर कुठे कुठे तू पेन्सिलीने लिहिलं होतंस, 'खात्री नाही', 'विचारायचं', 'गडबडीत मोजलं'. माझ्या पानावर काही नाही. सुजाता म्हणाली, "ते म्हणायचे, गळवाले विसरतात, ताई विसरत नाही. तिचा आकडा पक्का."

मी जेवले नाही. ताट समोर होतं, बुंदी होती, तुला आवडणारी. मी सुजाताला म्हटलं डोकं दुखतंय, आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी फळीवरची लिंबं काढली. ठरवलं, आजपासून बघायचं. तर हातांनी दगा दिला. पहिला जिताडा, कोयता फिरला, पर गेले. बादलीत हात घालून शोधायला लागले तर बाजूच्या गाळ्यावरून आवाज, "मावशी, अंगठी पडली काय गं?" दुसऱ्या दिवशी कोयता लांब ठेवला, पाटीच्या मागे. तरी एक गेला. मग तिसऱ्या दिवशी मी काय केलं माहीत आहे? जिताडा आला की आधी त्याला फळीवर ठेवायचा, आणि कोयता गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. "धरा जरा." लोक घाबरले. एक बाई म्हणाली, "मावशी, मासा विकतेयस की बारसं करतेयस?" मी म्हटलं, "बारसंच आहे, बाळाचा मामा आला नाही, म्हणून उशीर होतोय."

आणि त्या दिवशी तो आला. आमच्याच घरच्या होडीचा माल. चांगला भरलेला, पाठ हिरवट काळी, पोट चकचकीत. उलटा केला. उजवा पर लांब, सरळ. डावा आखूड. टोकाशी वाकडा, चुरगळून परत सरळ केलेल्या कागदासारखा. मी चष्मा लावला. मग चष्मा पुसून परत लावला. नाक पट्टीला टेकवलं, तू शिकवलंस तसं. एकावन्न सेंटीमीटर. बोटाएवढा होता रे तो! आपल्या त्या काळ्या खाडीत, एवढा झाला. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ती कोयता धरलेली बाई विचारते, "खराब आहे का?" मी म्हटलं, "नाही हो, एक नंबर आहे. पण हा नाही द्यायचा. दुसरा काही घ्या."

सुजाताकडून नंबर घेऊन रेवतीला फोन केला. ती दुसऱ्या दिवशी आली. तोपर्यंत अजून एक सापडला होता, आणि ती उभी असताना तिसरा. मी तिला स्टुलावर बसवलं, या तुझ्याच स्टुलावर, आणि सगळं सांगितलं. वर्षभर बघितलंच नाही, ते शून्य खोटे, मिलिंदला काही माहीत नव्हतं, त्याच्या वहीला दोष देऊ नको. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त पिशवी पुढे ओढली. मग वही उघडली, तुझीच, सुजाताने तिला दिली होती, आणि माझ्या पानावरचे शून्य एकेक करून खोडले. म्हणाली, "हे कोरे धरू. 'बघितलं नाही' असं." तेच शब्द, तुझे. मी तोंड फिरवलं.

पुढची बोटुकली इथे सोडणार की नाही, ते ती सांगू शकली नाही. म्हणाली, ते तिच्या एकटीच्या हातात नाही. पण या खाडीत पोरं टिकत नाहीत असं आता तिला लिहिता येणार नाही. मग मी तिला विचारलं. तुझ्यासाठी विचारलं. "पोरी, कापताना जास्त गेलं होतं का गं? तो मला विचारत होता." तिने भिंग काढलं. तिन्ही माशांचा पर बघितला, फार वेळ लावून. मग म्हणाली, "मावशी, जखम स्वच्छ भरलीय. कुठे चिघळल्याची खूण नाही. ज्याने कोणी कापलेत, नेमके कापलेत."

ऐकलंस? नेमके. एक सूत इकडे तिकडे नाही.

हे मला सांगायचं होतं. शेजारच्या गाळ्यावर सांगितलं, बोटीवर सांगितलं, सुजाताला फोन करून सांगितलं. ती रडली आणि मग हसली, म्हणाली, "बघा, मी सांगत होते ना त्यांना." पण ज्याला सांगायचं तो नाही, म्हणून माझं संपत नाही. उठते, बसते. बाजारात पापलेट आलं तरी उलटं करून बघते. त्याला तिथे पर असतो तरी का!

तो आपला वाद पण राहिलाच की रे. मासा बघायचा की खायचा. मला आता हरायचंय तुझ्याशी, एकदा तरी. तू समोर बसून हसशील, वरून "कळलं का ताई?" म्हणशील, आणि मी तुझ्या अंगावर पाणी उडवीन. एवढं हवंय. आणि त्या दिवशी पिशवीचं तोंड पाण्यात धरून तू पोरांना काय सांगत होतास, तेही विचारायचंय.

म्हणून सांगते, ये. दुपारची बोट आहे तशीच आहे, वेळ पण तीच. स्टूल मी कोणाला देत नाही. लिंबांना वेगळं ताट आणलंय, तुझी फळी धुऊन उजव्या हाताला ठेवलीय. जिताडा आला की मी कोयता खाली ठेवते आणि आधी त्याला उलटा धरते. वाकड्या पराचा निघाला की पहिल्यांदा तुझ्या स्टुलाकडेच बघते. एकदा ये, आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघून जा, कसे नेमके कापलेत. फार दिवस लावू नको. लवकर ये.